वाचकांचे प्रश्न : ओतीव शिशाच्या गोळ्यांसाठी भरवशाचा लोड डेटा

प्रश्न : मी ओहायोत राहतो आणि इथल्या नेमबाजी क्लबात .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आणि ९ एमएम पिस्तूल चालवतो. तयार काडतुसांचा खर्च परवडेनासा झाल्याने मी घरीच काडतुसे भरण्याचे साहित्य घेतले आहे. क्लबातील एका ज्येष्ठ सभासदांनी स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्या मला दिल्या. .३८ साठीच्या गोळ्या १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी व पावडर तोलण्याचे छोटे एकक), चपट्या नाकाच्या ‘सेमी-वॅडकटर’ प्रकारच्या आहेत आणि ९ एमएमसाठीच्या १२५ ग्रेनच्या, गोल नाकाच्या. एकाच पावडरचे, म्हणजे काडतुसातल्या दारूचे, प्रमाण म्हणून एका पुस्तकात एक आकडा मिळतो, पावडरच्या कंपनीच्या तक्त्यात दुसरा आणि क्लबातले लोक तिसराच सांगतात. ९ एमएमसाठी तर बहुतेक ठिकाणी जॅकेटेड, म्हणजे तांब्याचे आवरण असलेल्या, गोळ्यांचीच माहिती दिसते. यातले कोणते आकडे खरे मानावेत? जॅकेटेड गोळ्यांचा डेटा शिशाच्या गोळ्यांना चालतो का?
— स. दे., कोलंबस, ओहायो

उत्तर : लोड डेटाच्या, म्हणजे कोणत्या गोळीमागे किती पावडर भरावी हे सांगणाऱ्या, तक्त्यातली प्रत्येक ओळ ही प्रत्यक्ष केलेल्या एका चाचणीची नोंद असते, हे आधी लक्षात घ्यावे. विशिष्ट कंपनीची केस (काडतुसाचे पितळी कवच), विशिष्ट प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडरचा विशिष्ट लॉट, विशिष्ट आकाराची गोळी, काडतुसाची ठरावीक एकूण लांबी आणि दाब मोजण्याचे उपकरण बसवलेली चाचणीची नळी, एवढ्या सगळ्यांचा एकत्र परिणाम त्या आकड्यात असतो. म्हणून आकडा समोर आला की तो किती आहे हे पाहण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : हा दाब कोणी मोजला आणि कोणत्या गोळीवर मोजला? या दोन्हींचे उत्तर मिळत नसेल, तर तो आकडा एखाद्या माणसाच्या एखाद्या बंदुकीतला अनुभव असतो. तो प्रामाणिक असेल, पण आपल्या बंदुकीसाठी त्याच्या आधारे काही ठरवता येत नाही. क्लबातल्या तिसऱ्या आकड्याबद्दल माझे म्हणणे एवढेच आहे. सांगणाऱ्याचा अनुभव कितीही मोठा असला, तरी त्यांचे रिव्हॉल्व्हर आजवर फुटले नाही यावरून दाब किती होता हे कळत नाही.

दाब प्रत्यक्ष मोजणारे स्रोत मोजकेच आहेत. पहिला मान पावडर बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कंपन्यांचा. हॉजडन, अलायंट आणि फिनलंडची व्हिटाव्हुओरी या तिन्ही कंपन्या आपापल्या पावडरींचे तक्ते विनामूल्य उपलब्ध करून देतात. आयएमआर आणि विंचेस्टर या नावांच्या पावडरींची माहितीही हॉजडनच्याच तक्त्यात सापडते. हे तक्ते वेळोवेळी सुधारले जात असल्याने आज बाजारात मिळणाऱ्या पावडरीशी ते सर्वांत जवळचे असतात. त्यांची एक उणीव मात्र आहे. ओतीव गोळ्यांच्या बाबतीत तिथे बहुधा ‘१५८ ग्रेन, शिशाची सेमी-वॅडकटर’ एवढाच उल्लेख असतो. गोळी कोणत्या साच्यातली आणि किती लांबीची, हे सांगितलेले नसते.

ती उणीव लायमनच्या पुस्तकांनी भरून निघते. १८७८ पासून चालत आलेली ही कंपनी गोळ्या ओतण्याचे साचे स्वतःच बनवते, त्यामुळे तिच्या रिलोडिंग (काडतुसे पुन्हा भरण्याच्या) हँडबुकात आणि फक्त ओतीव गोळ्यांसाठी काढलेल्या वेगळ्या हँडबुकात प्रत्येक तक्त्यावर साच्याचा क्रमांक, मिश्रधातू, वजन आणि काडतुसाची एकूण लांबी दिलेली असते. साच्याचा क्रमांक वाचणे सोपे आहे. ३५८४७७ या क्रमांकातले पहिले तीन अंक म्हणजे इंचाच्या हजारांश भागातला व्यास, अर्थात .३५८ इंच, आणि उरलेले अंक त्या आकृतीची ओळख सांगतात. आपल्या ज्येष्ठ स्नेह्यांना साच्याची कंपनी आणि क्रमांक अवश्य विचारा. साच्यावर तो कोरलेला असतो. त्या एका क्रमांकाने आपला अर्धा शोध संपेल, कारण मग ‘१५८ ग्रेनची कोणतीतरी गोळी’ न शोधता तीच गोळी, किंवा तिच्या सर्वांत जवळची, आपल्याला पुस्तकात शोधता येईल.

एकाच वजनाच्या दोन गोळ्या डेटाच्या दृष्टीने एक नसतात, आणि ओतीव गोळ्यांत हा फरक जॅकेटेड गोळ्यांपेक्षा अधिक असतो. याचे कारण गोळी केसमध्ये किती खोल बसते हे आहे. ९ एमएमची केस .७५४ इंच लांब असते. गोळीची लांबी आणि केसची लांबी यांची बेरीज करून त्यातून काडतुसाची एकूण लांबी वजा केली, की गोळी किती आत गेली ते कळते. समजा, आपली गोळी .६०० इंच लांब आहे आणि काडतूस आपण १.१०० इंच लांबीचे केले. ती .२५४ इंच आत गेली. तक्त्यातली गोळी त्याच वजनाची, पण आखूड आणि जाड नाकाची, .५६० इंच लांबीची असेल, तर त्याच एकूण लांबीला ती .२१४ इंचच आत जाते. फरक .०४ इंचाचा, म्हणजे सुमारे एका मिलिमीटरचा. रायफलच्या मोठ्या केसमध्ये एवढ्या फरकाचे फारसे काही होत नाही. ९ एमएमच्या चिमुकल्या केसमध्ये मात्र पावडरसाठी उरलेली जागा यामुळे लक्षणीय घटते आणि तेवढ्याच पावडरचा दाब झपाट्याने वाढतो. जलद जळणाऱ्या पावडरीत ही वाढ सरळ प्रमाणात होत नाही आणि खरा धोका तिथेच आहे.

यातच दुसरी अडचण येते. ९ एमएमसाठी जॅकेटेड गोळी .३५५ इंच व्यासाची असते, ओतीव गोळी मात्र .३५६ किंवा .३५७ इंचाची ठेवावी लागते, नाहीतर ती नळीत घट्ट बसत नाही आणि नळीला शिसे चिकटते. या जाड गोळीचा खांदा पुष्कळ पिस्तुलांत चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढच्या भागाला अडतो आणि काडतूस पूर्ण आत जात नाही. मग भरणारा माणूस ती गोळी थोडी अधिक दाबून बसवतो. काडतूस आत जाऊ लागले म्हणून त्याला हायसे वाटते, पण आता त्याची लांबी तक्त्यातल्या लांबीपेक्षा कमी झालेली असते आणि तक्त्यातला आकडा त्याच्या काडतुसाचा राहिलेला नसतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. पिस्तुलाची नळी काढून हातात घ्यावी आणि पावडर व प्रायमर नसलेले नमुना-काडतूस तिच्यात टाकून पाहावे. ते स्वतःच्या वजनाने आत पडेल, बोटाने फिरवल्यास अडखळणार नाही आणि नळी उलटी केल्यावर खाली येईल, अशी लांबी निश्चित करावी. त्यानंतरच त्या लांबीला, किंवा तिच्यापेक्षा कमी लांबीला, दाब मोजलेला डेटा शोधावा. आपली लांबी तक्त्यातल्या लांबीपेक्षा कमी ठरत असेल आणि दुसरा डेटा मिळत नसेल, तर त्या गोळीचा आग्रह सोडून नळीला जुळणाऱ्या आकाराची गोळी घ्यावी, असे मी स्पष्टपणे सुचवतो.

.३८ स्पेशलची गोष्ट वेगळी आहे. हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या काळात घडलेले असल्याने त्याची केस प्रशस्त आहे. आजची पावडर तिचा लहानसा भागच भरते. त्यामुळे गोळीच्या खोलीतला थोडाफार फरक इथे खपून जातो, परंतु चुकून दुप्पट पावडर पडली तरी केस भरून वाहत नाही आणि वरून पाहिल्याशिवाय ते लक्षातही येत नाही. प्रत्येक केस गोळी बसवण्यापूर्वी उजेडात डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही. लांबीच्या बाबतीत सेमी-वॅडकटर गोळीवर क्रिम्पसाठी खाच असते आणि केसचे तोंड त्या खाचेत मिटवायचे असते, म्हणून एकूण लांबी साचाच ठरवतो. साच्यासाच्यांत नाकाची लांबी वेगळी असते, त्यामुळे पुस्तकातल्या एकूण लांबीपेक्षा आपले काडतूस थोडे लांब वा आखूड आले, तर घाबरण्याऐवजी खाचेखालचा भाग किती लांब आहे याची तुलना करावी.

अमेरिकेत काडतुसांच्या दाबाची मर्यादा १९२६ मध्ये स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था ठरवते. .३८ स्पेशलला ती १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, .४५ एसीपीला २१,०००, तर ९ एमएमला आणि .३५७ मॅग्नमला ३५,०००. या आकड्यांचा एक अर्थ फार थोड्या लोकांच्या ध्यानात येतो. प्रायमर चपटा झाला की दाब जास्त, असे सर्रास सांगितले जाते. पण ज्या दाबाला प्रायमर चपटा होऊ लागतो, तो .३८ स्पेशलच्या मर्यादेच्या कितीतरी वर असतो. म्हणजे .३८ मध्ये हे लक्षण दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. पिस्तुलाच्या काडतुसांत केसकडे पाहून दाब ओळखता येत नाही आणि म्हणूनच मोजलेल्या डेटावाचून इलाज नाही.

आता आपला थेट प्रश्न. जॅकेटेड गोळीचा डेटा शिशाच्या गोळीला वापरू नये, निदान शिशाचा डेटा उपलब्ध असताना तरी नाहीच. शिसे मऊ असल्याने नळीत कमी विरोध करते आणि जॅकेटेडच्या कमाल प्रमाणावर ते गरजेपेक्षा वेगाने जाते. याच्या उलट चूक अधिक वाईट : शिशाच्या गोळीसाठी दिलेले हलके प्रमाण जॅकेटेड गोळीमागे वापरल्यास गोळी नळीतच अडकू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली तर नळी जाते. याच कारणाने तक्त्यातल्या सुरुवातीच्या प्रमाणाच्या खाली जाऊ नये. एच११० आणि विंचेस्टर २९६ या मॅग्नम काडतुसांसाठीच्या पावडरींच्या बाबतीत तर प्रमाण फारसे कमी करू नये असे हॉजडन स्वतःच बजावते. आपल्या गोळ्यांवर पावडर-कोटिंग (रंगाच्या भुकटीचा भाजून चढवलेला थर, दारूचा नव्हे) असले, तरी डेटाच्या दृष्टीने त्या शिशाच्याच समजाव्यात. कोटिंगने व्यास वाढतो, म्हणून कोटिंगनंतर त्या पुन्हा साइझ केल्या (ठरावीक व्यासाला आणल्या) आहेत का, एवढे विचारून घ्यावे.

मिश्रधातूचीही चौकशी करावी. लायमनचे दुसऱ्या क्रमांकाचे मिश्रण ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असे असते आणि त्याचा ब्रिनेल कठिणपणा (धातू किती कठीण ते सांगणारा आकडा) १५ च्या आसपास येतो. शुद्ध शिशाचा तो ५ असतो, छापखान्यातल्या लायनोटाइप धातूचा सुमारे २२. .३८ च्या सौम्य काडतुसाला फार कठीण गोळी लागत नाही, उलट ती मागून नीट फुलत नसल्याने नळी खराब करते. एकाच साच्यातून मऊ मिश्रणाची गोळी जड आणि लायनोटाइपची हलकी निघते, म्हणून मित्राने सांगितलेल्या १५८ ग्रेनवर विसंबण्यापेक्षा दहा-बारा गोळ्या आपल्या काट्यावर तोलून पाहाव्यात.

काट्यावरून आठवले. भारतातून आलेल्या आपल्या लोकांना ग्रॅमची सवय असते आणि व्हिटाव्हुओरीसारखे युरोपीय तक्ते ग्रॅम व ग्रेन दोन्ही देतात. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. स्वयंपाकघरातला किंवा दागिन्यांचा स्वस्त काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल, तर त्याची एक पायरी दीड ग्रेनची आहे. पिस्तुलाच्या काडतुसात ती सुरुवातीच्या आणि कमाल प्रमाणातल्या संपूर्ण अंतराहून मोठी ठरू शकते. काटा ग्रेनमध्ये दाखवणारा, ०.१ ग्रेनपर्यंत अचूक आणि तपासणीच्या वजनांसह असावा. इथे पैसे वाचवू नयेत.

सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी प्रमाणापासून करावी. तक्त्यात फक्त कमाल आकडा दिला असेल, तर त्याच्या दहा टक्के खालून. प्रत्येक पायरीची पाच-पाच काडतुसे भरून क्रोनोग्राफवर वेग मोजावा. वेगाची तुलना करताना तक्त्यातल्या नळीची लांबी पाहावी, कारण चाचणीच्या नळ्या पुष्कळदा लांब असतात. हॉजडनच्या .३५७ मॅग्नमच्या तक्त्यात ती १० इंच आहे. चार इंची रिव्हॉल्व्हरमध्ये तो वेग येणार नाही आणि तो गाठण्यासाठी पावडर वाढवू नये. उलट आखूड नळीतूनही तक्त्याएवढा वेग येत असेल, तर दाब तक्त्यापेक्षा जास्त आहे असे समजून थांबावे. आणि गोळ्या कागदावर चांगल्या जमू लागल्या की तिथेच थांबावे. सराव कागदावरच होणार आहे, म्हणून कमाल प्रमाणापर्यंत जाण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : माझ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या संग्रहातले १९७० च्या सुमाराचे एक रिलोडिंगचे पुस्तक मला दिले. त्यातली कमाल प्रमाणे आजच्या तक्त्यांहून बरीच जास्त आहेत. काही लोक म्हणतात की कंपन्या हल्ली वकिलांच्या धाकाने आकडे कमी करतात. हे खरे आहे का? संगणकावर दाबाचे गणित करून देणारे प्रोग्रॅम याला पर्याय ठरतात का?
— मे. जो., एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वकिलांची गोष्ट फार ऐकू येते, पण आकडे बदलण्याची कारणे त्याहून ठोस आहेत. पूर्वी दाब मोजण्यासाठी तांब्याचा लहान सिलिंडर वापरत. नळीतल्या वायूने तो चेपला की त्याची उरलेली उंची मोजून दाब ठरवत आणि तो सीयूपी या एककात लिहीत. चेपायला क्षणभर वेळ लागतो, त्यामुळे दाबाचे सर्वोच्च टोक या पद्धतीत नेमके सापडत नाही. आज पिझोइलेक्ट्रिक सेन्सर दाबाचा संपूर्ण आलेख नोंदवतो आणि ते टोक स्पष्ट दिसते. जुनी कित्येक प्रमाणे नव्या उपकरणावर तपासल्यावर मर्यादेबाहेर निघाली, म्हणून ती खाली आणली गेली. शिवाय त्या काळातल्या काही तक्त्यांना मोजलेल्या दाबाचा आधारच नव्हता, साध्या बंदुकीतून झाडून पाहून ती प्रमाणे छापली होती. सीयूपीचा आकडा पीएसआयमध्ये बदलणारे सर्वांना लागू पडणारे सूत्र नाही, म्हणून दोन तक्त्यांची तुलना करताना आधी एकक पाहावे.

दुसरे कारण नावांचे आहे. हॉजडनच्या क्लेज, इंटरनॅशनल क्लेज आणि युनिव्हर्सल क्लेज या तीन पावडरी जळण्याच्या वेगाने एकमेकींपासून वेगळ्या आहेत, तरी नावात ‘क्लेज’ पाहून एकीचे प्रमाण दुसरीला लावण्याची चूक होऊ शकते. याउलट हॉजडन एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही आज एकच पावडर आहे. बुल्सआय आणि युनिक ही नावे तर शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहेत, पण मधल्या काळात पावडर बनवणाऱ्या कंपन्या बदलल्या. आजच्या डब्यातली पावडर १९७० च्या डब्यातल्या पावडरीसारखीच वागेल, असे गृहीत धरू नये. ते पुस्तक जरूर सांभाळा. साच्यांची चित्रे, गोळ्यांचे आकार, ओतण्याच्या रीती यांसाठी जुनी पुस्तके फार मोलाची असतात. प्रमाणे मात्र आजच्या तक्त्यातून घ्यावीत.

क्विकलोडसारखे प्रोग्रॅम केसचे आकारमान, पावडरची ऊर्जा आणि गोळीचा सुरुवातीचा विरोध यांवरून दाबाचा अंदाज काढतात. रायफलच्या जॅकेटेड गोळीबाबत तो उपयुक्त ठरतो. ओतीव गोळीचा सुरुवातीचा विरोध मात्र मिश्रधातू, व्यास, वंगण आणि क्रिम्प या सगळ्यांवर अवलंबून असतो, आणि पिस्तुलाच्या छोट्या केसमध्ये तेवढ्याने उत्तर पुष्कळ बदलते. खोली थोडी बदलली तर दाब कोणत्या दिशेला आणि किती तीव्रतेने सरकतो, हे समजून घेण्यासाठी प्रोग्रॅम चांगला आहे. त्यातून निघालेला आकडा डेटा म्हणून वापरू नये.

प्रश्न : माझ्याकडे पुण्यात परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसे महाग आणि मोजकीच मिळतात. वापरलेल्या केस घरी पुन्हा भरता येतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे तुरुंगवासाची आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायची असतील तर लागतो. त्यामुळे वरची दोन्ही उत्तरे तिथल्या वाचकांसाठीच आहेत. काडतुसांचा वार्षिक कोटा अपुरा पडत असेल, तर तो वाढवून मिळण्यासाठी परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे अर्ज करावा. सरावाची गरज असल्याचे रायफल क्लबाचे पत्र अर्जासोबत जोडावे.